खुशवंतसिंग : एका स्तंभलेखकाचे आयुष्य आणि लेखन (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

खुशवंतसिंग यांच्याविषयी वाचक जे प्रश्न पुन्हापुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. त्यांच्या कादंबऱ्यांपेक्षा त्यांच्या वृत्तपत्रीय स्तंभावर येथे अधिक भर आहे, कारण भारतातील सर्वसामान्य वाचकाने त्यांना पुस्तकांच्या दुकानात गाठले नाही. तो त्यांना शनिवारच्या वर्तमानपत्रात भेटला.

खुशवंतसिंग कादंबरीकार आणि इतिहासकार होते. मग त्यांना प्रथम स्तंभलेखक का म्हणायचे?

फाळणीवरची त्यांची कादंबरी १९५६ मध्ये आली आणि शिखांचा दोन खंडांतील इतिहास १९६३ आणि १९६६ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठाच्या प्रकाशनगृहाने छापला. एवढ्या दोन कामांवरही त्यांचे नाव टिकले असते. परंतु पन्नाशी ओलांडल्यानंतर त्यांच्या आयुष्याची घडी बसली ती साप्ताहिक लेखनाने, आणि वयाच्या नव्वदीनंतरही ती मोडली नाही. पुस्तके अधूनमधून येत राहिली. स्तंभ मात्र दर आठवड्याला आला. माणसाचा व्यवसाय कोणता, हे ठरवताना त्याने कोणते काम न चुकता केले, ते पाहावे. त्या न्यायाने ते आधी स्तंभलेखक होते, असे मला वाटते.

त्यांचा जन्म नेमका कधी आणि कोठे झाला? वेगवेगळ्या तारखा का आढळतात?

जन्म हडाली या गावी झाला. हे गाव आज पाकिस्तानच्या पंजाब प्रांतात, खुशाब जिल्ह्यात आहे. घरी जन्माची नोंद ठेवण्याची पद्धत नव्हती. शाळेत नाव घालताना वडिलांनी २ फेब्रुवारी १९१५ ही तारीख लिहून दिली आणि तीच पुढे अधिकृत ठरली. आजीच्या आठवणीप्रमाणे मात्र नातू भाद्रपदाच्या सुमारास, म्हणजे ऑगस्टमध्ये झाला होता, म्हणून त्यांनी स्वतः १५ ऑगस्ट ही तारीख पसंत केली. त्या पिढीतील आपल्याकडच्या अनेक आजोबांच्या दाखल्यावर १ जून ही तारीख दिसते. त्यातलाच हा प्रकार. त्यांचे मूळ नाव खुशालसिंग होते. शाळेतल्या मुलांनी त्यावरून चिडवायला सुरुवात केल्यावर त्यांनी ते बदलून खुशवंत केले.

त्यांचे घराणे कोणते?

वडील सर सोभासिंग हे नवी दिल्ली उभारणाऱ्या मोठ्या कंत्राटदारांपैकी एक होते. कॅनॉट प्लेसचा काही भाग, साउथ ब्लॉक, इंडिया गेट अशा कितीतरी बांधकामांशी त्यांचे नाव जोडलेले आहे. खान मार्केटजवळची सुजानसिंग पार्क ही वसाहतही त्यांनीच बांधली आणि तिला आपल्या वडिलांचे नाव दिले. खुशवंतसिंग यांच्या आयुष्याचा उत्तरार्ध याच वसाहतीतील तळमजल्यावरच्या घरात गेला. संपत्तीच्या या पार्श्वभूमीचा उल्लेख करणे आवश्यक आहे, कारण नोकरीवर लाथ मारण्याचे धैर्य त्यांना अनेकदा परवडले, ते काही अंशी त्यामुळेच. मात्र श्रीमंत घरातून आलेली किती माणसे पहाटे उठून लिहायला बसतात, हा प्रश्नही त्याच वेळी विचारायला हवा.

सोभासिंग यांच्या साक्षीमुळे भगतसिंगांना फाशी झाली, हे खरे आहे का?

हा प्रश्न फार वेळा आणि फार संतापाने विचारला जातो, म्हणून उत्तर नीट वाचावे. ८ एप्रिल १९२९ रोजी दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळात भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी बाँब टाकले, तेव्हा सोभासिंग प्रेक्षकांच्या सज्जात हजर होते आणि पुढे खटल्यात त्यांनी दोघांना ओळखल्याची साक्ष दिली. येथपर्यंत सर्व खरे आहे. परंतु या खटल्यात दोघांना जन्मठेप झाली, फाशी नव्हे. त्या दोघांनी घटनास्थळी स्वतःहून अटक करून घेतली होती आणि आपले कृत्य नाकारलेही नव्हते. २३ मार्च १९३१ रोजी भगतसिंग, सुखदेव आणि आपल्या खेडचे राजगुरू यांना फाशी दिली गेली ती साँडर्सच्या हत्येवरून लाहोरला चाललेल्या वेगळ्या खटल्यात. २०११ च्या सुमारास दिल्लीतील एका जागेला सोभासिंग यांचे नाव देण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा हा वाद पुन्हा पेटला. खुशवंतसिंग यांनी साक्षीची गोष्ट कधी लपवली नाही. वडिलांनी जे पाहिले ते सांगितले, असे त्यांचे म्हणणे होते. त्या साक्षीविषयी वाचकाने आपले मत जरूर बनवावे, पण दोन खटल्यांची गल्लत करून बनवू नये.

वकिली सोडून ते लेखनाकडे कसे वळले?

दिल्लीचे मॉडर्न स्कूल, सेंट स्टीफन्स, लाहोरचे गव्हर्न्मेंट कॉलेज आणि मग लंडनचे किंग्ज कॉलेज, असे त्यांचे शिक्षण झाले. १९३९ मध्ये कवल मलिक यांच्याशी विवाह झाला आणि लाहोरच्या उच्च न्यायालयात त्यांनी वकिली सुरू केली. फाळणी झाली नसती, तर ते कदाचित लाहोरचे एक बेताचे वकील म्हणूनच निवृत्त झाले असते. १९४७ च्या उन्हाळ्यात कसौलीहून दिल्लीकडे मोटारीने येत असताना एका निर्मनुष्य रस्त्यावर सशस्त्र शिखांनी भरलेली एक जीप त्यांना भेटली. जवळच्या एका गावातील मुसलमानांना आपण कसे मारले, हे त्या लोकांनी मोठ्या अभिमानाने सांगितले. ऐकणारा त्यांच्याच धर्माचा होता, म्हणून त्यांनी ते मोकळेपणाने सांगितले. हा प्रसंग त्यांनी पुढे अनेकदा सांगितला आणि फाळणीवरच्या कादंबरीचे बीज त्यातच आहे. आपल्या माणसांनी केलेले पापही पापच, ही भूमिका त्यांच्या स्तंभात शेवटपर्यंत दिसते, आणि मला तरी तिचे मूळ त्या रस्त्यावर सापडते.

त्यानंतर लंडन आणि ओटावा येथील भारतीय वकिलातींत माहिती अधिकारी, आकाशवाणी, पॅरिसला युनेस्को अशा नोकऱ्या त्यांनी केल्या आणि सोडल्या. १९५७ मध्ये नियोजन आयोगाचे ‘योजना’ हे नियतकालिक सुरू झाले, त्याचे ते पहिले संपादक होते. संपादनाचा पहिला अनुभव तो.

मुंबईशी त्यांचा संबंध काय?

संबंध नऊ वर्षांचा आहे आणि त्यांच्या आयुष्यातील सर्वांत महत्त्वाची वर्षे कदाचित तीच आहेत. १९६९ मध्ये ते ‘इलस्ट्रेटेड वीकली ऑफ इंडिया’चे संपादक म्हणून मुंबईला आले. बोरीबंदरसमोरच्या टाइम्सच्या इमारतीतून निघणारे हे साप्ताहिक तेव्हा प्रतिष्ठित पण सुस्तावलेले होते. नवविवाहित जोडप्यांची छायाचित्रे हे त्याचे एक ठळक आकर्षण मानले जाई. खुशवंतसिंग यांनी त्याचा खप सुमारे ६५,००० वरून ४,००,००० पर्यंत नेला, असे सर्वत्र नोंदले गेले आहे. वाचकाला माहिती द्यायची, त्याचे मनोरंजन करायचे आणि त्याला डिवचायचे, अशी त्रिसूत्री ते सांगत. भारतातील वेगवेगळ्या जातिजमातींवर त्यांनी चालवलेली लेखमाला घरोघरी वाचली गेली आणि तिच्यावरून भांडणेही झाली. आपल्या समाजावरचा लेख कधी येतो, याची लोक वाट पाहत आणि आला की रागावून पत्रे लिहीत. १९७१ च्या युद्धानंतर पाकिस्तानी युद्धकैद्यांना परत पाठवावे, हा अप्रिय विषयही त्यांनी त्याच पानांवरून लावून धरला. एम. जे. अकबर, बाची करकरिया यांच्यासारखे पत्रकार त्यांच्या हाताखाली तयार झाले.

त्यांच्या स्तंभाबरोबर छापले जाणारे, दिव्यात बसलेल्या सरदारजींचे ते चित्र कोणी काढले?

मारिओ मिरांडा यांनी. दमणमध्ये जन्मलेला आणि गोव्यातील लोटलीच्या जुन्या घराशी आयुष्यभर बांधलेला हा चित्रकार तेव्हा टाइम्स समूहात होता. ‘वीकली’मध्ये संपादकाच्या पानासाठी त्याने विजेचा एक गोळा काढला आणि आत खुशवंतसिंग यांना बसवले: डोक्यावर पगडी, हातात लेखणी, भोवती पुस्तकांची चळत आणि शेजारी व्हिस्कीची बाटली. पुढे वृत्तपत्र बदलले, शहर बदलले, दाढी पिकली, पण चित्र तेच राहिले. आमच्या घरी इंग्रजी वर्तमानपत्र फक्त शनिवारी आणि रविवारी येई. इंग्रजी जेमतेम कळण्याच्या वयात मी पान उलटून आधी तो गोळा शोधत असे, आणि त्याच्याखालचा मजकूर कळू लागला, तेव्हा आपल्याला इंग्रजी येऊ लागले, अशी माझी खात्री झाली. एका स्तंभाची ओळख एका रेखाचित्राने इतकी घट्ट बांधल्याचे दुसरे उदाहरण मला भारतीय वृत्तपत्रांत आठवत नाही.

स्तंभाच्या नावाचा अर्थ काय होता?

‘विथ मॅलिस टुवर्ड्स वन अँड ऑल’ हे नाव अब्राहम लिंकन यांच्या १८६५ मधील अध्यक्षीय भाषणावरून उलटवून घेतलेले आहे. कोणाविषयीही आकस न बाळगता सर्वांविषयी ममत्व ठेवण्याचे आवाहन लिंकन यांनी केले होते. खुशवंतसिंग यांनी आपण सर्वांविषयी सारखाच आकस बाळगतो, असे घोषित केले. त्यामागचा विचार असा, की टोला मारायचा तर तो सर्वांनाच मारावा आणि स्वतःलाही त्यातून वगळू नये. चंडीगढच्या ‘ट्रिब्यून’मध्येही त्यांचा वेगळ्या नावाचा एक स्तंभ वर्षानुवर्षे चालला. हे लेखन इंग्रजीतून आणि अनुवादाद्वारे देशातील अनेक भाषांच्या वृत्तपत्रांत छापले जाई, त्यामुळे इंग्रजी न वाचणारेही त्यांना ओळखत.

‘वीकली’तून त्यांना का काढले?

१९७८ च्या जुलैमध्ये, निवृत्तीला केवळ आठवडा उरला असताना, त्यांना तत्काळ पद सोडण्यास सांगण्यात आले. तेव्हा दिल्लीत जनता पक्षाचे सरकार होते आणि खुशवंतसिंग इंदिरा आणि संजय गांधी यांची बाजू उघडपणे घेत होते. हेच कारण असावे, असे बहुतेकांचे मत आहे. वाचकांचा निरोप घेणारे लेखन छापण्याची संधीही त्यांना मिळाली नाही. त्या दिवशी त्यांनी आपली छत्री उचलली आणि कोणाशी काही न बोलता ते कार्यालयातून घरी गेले. जुलैची मुंबई ज्यांना माहीत आहे, त्यांना ती छत्री डोळ्यांपुढे आणायला वेळ लागणार नाही. त्यांच्यानंतर एम. व्ही. कामत संपादक झाले. साप्ताहिक १९९३ मध्ये बंद पडले.

दिल्लीला परतल्यावर ‘नॅशनल हेरल्ड’ आणि ‘न्यू दिल्ली’ येथे त्यांनी थोडा काळ काम केले, आणि १९८० ते १९८३ या काळात ते ‘हिंदुस्तान टाइम्स’चे संपादक होते. संपादकपद गेले, तरी तेथील स्तंभ सुरूच राहिला.

आणीबाणीला त्यांनी पाठिंबा दिला होता. त्याचे समर्थन कसे करता येईल?

करता येणार नाही, आणि येथे ते केले जाणार नाही. जयप्रकाश नारायण यांच्या आंदोलनाने देश ठप्प होईल, अशी त्यांची धारणा होती. त्या धारणेपोटी त्यांनी १९७५ मध्ये आणीबाणीचे स्वागत केले आणि संजय गांधी यांची वारेमाप स्तुती केली. त्याच काळात महाराष्ट्रात दुर्गाबाई भागवत कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून लेखनस्वातंत्र्यासाठी उभ्या राहिल्या आणि तुरुंगात गेल्या. ही तुलना मराठी वाचक करणारच आणि त्याने ती करावी. १९८० नंतर त्यांना जे मिळाले, म्हणजे राज्यसभेचे नामनियुक्त सदस्यत्व आणि मोठ्या दैनिकाचे संपादकपद, त्यावर या निष्ठेची छाया आहे. त्यांच्या बाजूने एवढेच सांगता येईल, की त्यांनी हा भाग झाकून ठेवला नाही. सरकार पडल्यावर आपण पहिल्यापासून विरोधातच होतो, असे सांगणारे संपादक त्या वेळी पुष्कळ निघाले. हे त्यांच्यात नव्हते.

मग १९८४ मध्ये त्यांनी पद्मभूषण परत का केले?

हा किताब त्यांना १९७४ मध्ये मिळाला होता. शीख अतिरेक्यांचे नेते भिंद्रनवाले यांच्यावर त्यांनी इतकी सातत्याने आणि इतकी कडक टीका केली होती, की अतिरेक्यांच्या रोखामुळे त्यांना पुढे अनेक वर्षे पोलीस संरक्षणात राहावे लागले. असे असूनही जून १९८४ मध्ये सुवर्णमंदिरात लष्कर घुसले, तेव्हा त्यांनी राष्ट्रपतींकडे किताब परत दिला. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत आणि त्यांत विसंगती नाही, हे त्या वेळी फार थोड्यांना कळले. शीख अतिरेक्यांना ते सरकारचे हस्तक वाटले आणि अनेक हिंदू वाचकांना एकाएकी फुटीर वाटू लागले.

ऑक्टोबरच्या अखेरीस इंदिरा गांधी यांची हत्या झाली आणि दिल्लीत शिखांची कत्तल सुरू झाली. वडिलांनी जे शहर बांधले, त्याच शहरात या माणसाला जीव वाचवण्यासाठी स्वीडनच्या वकिलातीत आसरा घ्यावा लागला. त्यानंतरच्या त्यांच्या लेखनात धर्मांधतेविषयीचा सूर बदलला. थट्टा उरली, पण तिच्याखाली काही तरी कायमचे दुखावलेले आहे, हे वाचताना जाणवत राहते. पीडितांना न्याय मिळावा, हा विषय त्यांनी पुढे वर्षानुवर्षे सोडला नाही. २००७ मध्ये त्यांना पद्मविभूषण देण्यात आले आणि ते त्यांनी स्वीकारले.

स्तंभाची रचना कशी असे?

साधारणपणे एका स्तंभात तीन तुकडे असत. पहिला राजकीय किंवा सामाजिक विषयावर आणि बहुधा रोखठोक. दुसरा एखाद्या पुस्तकावर, गालिब किंवा इक्बाल यांच्या शेरावर, एखाद्या मृत मित्रावर, किंवा बागेत नुकत्याच फुललेल्या झाडावर आणि खिडकीत आलेल्या पक्ष्यावर. दिल्लीत कोणते झाड कोणत्या आठवड्यात बहरते, हे त्यांना तोंडपाठ होते आणि त्यात त्यांची चूक सहसा होत नसे. शेवटी एक विनोद, बहुतेकदा वाचकाने पाठवलेला, आणि त्याखाली पाठवणाऱ्याचे नाव आणि गाव. या शेवटच्या ओळीचे महत्त्व कमी लेखू नये. एखाद्या लहान गावातील शिक्षकाचे किंवा बँकेतील कारकुनाचे नाव राष्ट्रीय वृत्तपत्रात छापून येई, तो कात्रण कापून ठेवी आणि गावात दाखवी. स्तंभ दोघांचा आहे, ही भावना त्यातून तयार होई.

भाषा अगदी साधी. लहान वाक्ये, नेमका शब्द, आणि माहीत नसलेली गोष्ट माहीत नाही असे म्हणण्याची तयारी. ज्याला शब्दकोश घेऊन बसावे लागते, तो वाचक दुसऱ्या आठवड्यात परत येत नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते. स्तंभलेखन शिकू पाहणाऱ्या मराठी लेखकाने त्यांच्याकडून घ्यावे ते हे. त्यांची मिश्कील प्रतिमा उचलणारे पुष्कळ झाले. ही शिस्त उचलणारे कमी.

त्यांच्याविषयी ‘दारू आणि बायका’ अशी जी प्रतिमा आहे, ती खरी होती का?

ही प्रतिमा त्यांनी स्वतः घडवली आणि लोकांना ती आवडते म्हणून वाढू दिली. वास्तवातील दिनक्रम याच्या उलट होता. ते पहाटे चारच्या सुमारास उठत आणि दिवस उजाडण्यापूर्वी कामाला लागत. लिहीत ते हाताने; संगणक त्यांनी कधी वापरला नाही. तरुणपणी आणि पुढेही बरीच वर्षे ते नियमाने टेनिस खेळले. संध्याकाळी सातला व्हिस्की, आठपर्यंत जेवण, नऊच्या सुमारास झोप. दारावर पाटी होती: आपण येणार हे ठरलेले नसेल, तर कृपया घंटी वाजवू नये. ठरवून आलेल्या पाहुण्यानेही आठच्या आत उठावे, अशी अपेक्षा असे आणि त्याला पदाचा अपवाद नव्हता. पंचाण्णवाव्या वर्षी, म्हणजे २०१० मध्ये, त्यांची नवी कादंबरी प्रसिद्ध झाली. शंभराच्या आसपास पुस्तके आणि अनेक दशकांचे साप्ताहिक लेखन हे मैफलीत रमणाऱ्या माणसाचे काम नव्हे.

तरीही त्यांच्या लेखनातील स्त्रियांची वर्णने आज वाचताना अनेक ठिकाणी खटकतात, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. काळ वेगळा होता, एवढ्याने ते पुसले जात नाही.

वाचकांच्या पत्रांना ते खरोखर उत्तरे देत का?

देत, आणि स्वतःच्या हाताने. बहुधा पोस्टकार्डावर, दोन-चार ओळींत. स्तुतीला आभार, चुकीच्या दुरुस्तीला आभार, शिवीगाळीलाही पोच. कॅनडातून त्यांना आलेल्या एका शिव्यांच्या पत्राच्या पाकिटावर पत्ता म्हणून केवळ एक शिवी आणि भारत एवढेच लिहिले होते आणि तरी टपाल खात्याने ते त्यांच्या घरी पोहोचवले, ही हकिकत ते अभिमानाने सांगत. एक पोस्टकार्ड मी पाहिले आहे. ते एका निवृत्त मराठी मुख्याध्यापकांकडे काचेच्या चौकटीत होते. त्यांनी एका फुलझाडाच्या नावातील चूक दाखवली होती. उत्तर होते, तुमचे बरोबर आहे, माझे चुकले. खाली सही. शाई फिकट झाली होती आणि अक्षर वाचायला कष्ट पडत होते. मुख्याध्यापक ते कार्ड पाहुण्यांना दाखवत, आपण बरोबर होतो म्हणून नव्हे. एवढ्या मोठ्या माणसाने चूक कबूल करायला पंधरा पैसे खर्च केले, असे ते म्हणत.

आत्मचरित्र इतके उशिरा का प्रसिद्ध झाले?

त्यातील काही मजकूर १९९५ मध्ये एका नियतकालिकात आला आणि इंदिरा गांधी यांच्या घरातील कलहाविषयीच्या भागावर मनेका गांधी यांनी न्यायालयात हरकत घेतली. प्रकाशनाला मनाई मिळाली. दिल्ली उच्च न्यायालयाने ती उठवल्यानंतर पुस्तक २००२ मध्ये बाहेर आले. ऐंशी ओलांडलेल्या लेखकासाठी सहा-सात वर्षांची प्रतीक्षा लहान नसते.

ते नास्तिक होते, तरी पगडी आणि दाढी का ठेवली?

ते स्वतःला अज्ञेयवादी म्हणवत. ईश्वर आहे की नाही, हे आपल्याला माहीत नाही, असे सांगत. पण शीख समाजाशी, गुरबाणीच्या भाषेशी आणि संगीताशी असलेले नाते त्यांनी कधी तोडले नाही. गुरूंच्या पदांचे इंग्रजी अनुवाद त्यांनी केले, तसेच इक्बाल यांच्या ‘शिकवा’ या उर्दू काव्याचेही. श्रद्धा नसतानाही परंपरेवर प्रेम असू शकते. तुकोबांचा अभंग ऐकून डोळे भरून येणारे आणि देवळात न जाणारे मराठी लोक आपल्याभोवती थोडे नाहीत, त्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही.

त्यांचे निधन केव्हा झाले, आणि हडालीशी त्यांचे नाते पुढे उरले का?

२० मार्च २०१४ रोजी सुजानसिंग पार्कमधील घरी त्यांचे निधन झाले, आणि त्याच दिवशी दुपारी लोदी रोडच्या स्मशानभूमीत अंत्यसंस्कार झाले. वय ९९ होते. मृत्यूवर त्यांनी तरुणपणापासून लिहिले होते. स्वतःच्या मरणानंतर वृत्तपत्रांत काय छापून येईल, याची कल्पना करणारी कथा त्यांनी फार पूर्वीच लिहून ठेवली होती.

त्यांच्या अस्थींचा काही भाग लाहोरचे लेखक फकीर सय्यद एजाजुद्दीन आपल्याबरोबर पाकिस्तानात घेऊन गेले. हडालीतील ज्या शाळेत लहानगा खुशाल शिकला, तेथे त्यांच्या नावाची शिला बसवण्यात आली. तिच्यावर त्यांचा उल्लेख शीख, विद्वान आणि हडालीचा पुत्र असा आहे, आणि त्याखाली त्यांचेच शब्द आहेत: माझी मुळे येथे आहेत, आठवणींच्या आसवांनी मी ती जगवली.